वीस लिटर डिझेल

निवृत्तीनंतर मी मुलाकडे बंगळुरूस राहावयास आलो. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला एक सवय नकळत जडते, ती म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांच्या क्रमांकाच्या पाट्या वाचण्याची. ‘एमएच’ ही दोन अक्षरे दिसली की नजर पुढच्या आकड्याकडे जाते. नऊ म्हणजे कोल्हापूर, दहा सांगली, तेरा सोलापूर. आत कोण बसले आहे हे ठाऊक नसते, पुढच्या सिग्नलला ती गाडी दिसेनाशीही होते, तरी आपल्याकडचे कोणी भेटून गेल्यासारखे वाटते. या सवयीमुळेच डिसेंबर २०२३ मधील एका पहाटे मी एका ट्रकपाशी थांबलो, आणि अकरा वर्षांपूर्वी माझ्याच हातून लिहिल्या गेलेल्या एका आदेशाशी माझी पुन्हा गाठ पडली.

आम्ही सेलमहून एक लग्न आटोपून परतत होतो. मुलगा गाडी चालवीत होता. होसूर मागे टाकून अत्तिबेलेची सीमा ओलांडली तेव्हा पाच वाजत आले होते. काळोख होता, आणि त्या दिवसांत बंगळुरूच्या आसपास पहाटे उतरते तसे धुके. पुढे एका उड्डाणपुलाच्या चढावर डाव्या बाजूस एक भरलेला ट्रक उभा होता, तो अगदी जवळ गेल्यावर दिसला. त्याच्या मागे वीसेक पावलांवर दगडांची ओळ आणि त्यात खोचलेली झाडाची फांदी. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या वार्षिक अहवालात उभ्या वाहनावर आदळून झालेल्या अपघातांचा एक वेगळा रकाना असतो. नोकरीत असताना तो मी अनेकदा नजरेखालून घातला होता. त्यातला आकडा कसा तयार होतो, हे त्या चढावर दिसले.

“बाबा, इथे थांबायला नको,” मुलगा म्हणाला, आणि ते बरोबरच होते. पण पाटीवर एमएच १० होते. पूल उतरून आम्ही सेवा रस्त्यावर गाडी लावली आणि मी कठड्याच्या कडेकडेने मागे चालत गेलो.

चालक पन्नाशीच्या आतबाहेरचा, जत तालुक्यातला. एकटाच होता. पूर्वी प्रत्येक ट्रकवर क्लीनर असे. आता अनेक मालकांनी तो खर्च वाचविला आहे. त्यामुळे गाडी बंद पडली की चालकाला गाडी सोडून कोठे जाता येत नाही. मागे माल, खाली टायर, बाजूला बॅटरी. तासाभरात काय नाहीसे होईल याचा नेम नसतो. “डिझेल संपलं ओ,” एवढेच तो प्रथम म्हणाला. मी मराठीत बोललो तेव्हा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, आणि मग सगळेच सांगू लागला.

ट्रकचे डिझेल संपते कसे, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. इंधन हाच ज्याच्या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च, तो टाकीकडे बघत नाही काय? उलट आहे. तो फार बारकाईने बघतो, म्हणूनच संपते.

जीएसटी १ जुलै २०१७ रोजी आला, पण पेट्रोल आणि डिझेल त्याच्या बाहेर राहिले. प्रत्येक राज्य आपापला विक्रीकर किंवा व्हॅट लावते, त्यामुळे सीमा ओलांडली की दर बदलतो. त्या डिसेंबरात बंगळुरूस डिझेल लिटरला ८७ रुपये ८९ पैसे होते. चेन्नईस आणि मुंबईस ९४ रुपयांच्या वर. सहा रुपयांचा फरक मोटारवाल्याच्या लक्षातही येत नाही. ट्रकच्या साडेतीनशे लिटरच्या टाकीमागे मात्र त्याचे दोन हजारांहून अधिक होतात. म्हणून महाराष्ट्रातून दक्षिणेस येणारा ट्रक कागल ओलांडून कोगनोळी-निपाणीपर्यंत टाकी तळाला ठेवून येई, आणि तमिळनाडूतून येणारा अत्तिबेलेपर्यंत. मालकाची सूचना ठरलेली असते: “बॉर्डर ओलांडल्याबिगर टाकू नको.” शेजारच्या राज्याचा दर काय आहे, आपला महसूल सीमेपलीकडे जातो काय, याची चर्चा मंत्रालयातील टिपण्यांत मी वाचली आहे. रिकाम्या टाकीने सीमेकडे येणाऱ्या ट्रकांविषयी एक ओळही कधी वाचली नाही. (पुढे कर्नाटकाने जून २०२४ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरील कर वाढविला. बंगळुरूचा दर ९१ रुपयांवर गेला, लॉरीमालकांनी त्या एप्रिलात संपही केला. फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही. पण त्या पहाटेचा हिशेब सहा रुपयांचा होता.)

हा चालक सांगलीहून हळद घेऊन चेन्नईस गेला होता. परतीचा माल यंत्रांच्या सुट्या भागांचा. अर्धा बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत उतरवावयाचा, उरलेला पुण्यास. मालकाने जाताना कर्नाटकातच मोजून २१० लिटर भरून दिले होते. बंगळुरू ते चेन्नई साडेतीनशे किलोमीटर, परत तेवढेच. भरलेला ट्रक लिटरला चारच्या आसपास चालतो. म्हणजे पावणेदोनशे लिटर लागणार आणि पस्तीस शिल्लक राहणार. कागदावर हिशेब चोख होता. पण त्याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिचौंग चक्रीवादळाने चेन्नई पाण्याखाली गेली. माल उतरण्यास दिवस मोडले, परतीचा माल दुसऱ्याच टोकाच्या गोदामातून उचलावा लागला, तुंबलेल्या रस्त्यांना वळसे पडले. पस्तीस लिटर तेथेच गेले. कृष्णगिरीला वीस लिटर टाकता आले असते, पैसे जवळ होते. “पर वीस लिटरसाठी मालकाच्या शिव्या कोन खानार?” तो म्हणाला. सीमा ओलांडल्यावर पहिल्या पंपावर ट्रकांची लांब रांग होती, आणि मालकाने दिलेले कार्ड एका ठरावीक कंपनीच्याच पंपांवर चाले. तो पंप पुढे होता. शहरात अवजड वाहनांची सकाळची बंदी सुरू होण्याच्या आत त्याला पीण्यास पोहोचावयाचे होते. त्याने रांग सोडली.

टाकीत अजून पंधरा-वीस लिटर असतील, असे तो शपथेवर सांगत होता, आणि ते खरे असावे. टाकीतून डिझेल ओढणारी नळी तळाला टेकलेली नसते, गाळ येऊ नये म्हणून थोडी वर असते. सपाट रस्त्यावर शेवटच्या वीस लिटरवरही गाडी धावते. चढ लागला की उरलेले डिझेल टाकीच्या मागच्या बाजूस जाते, नळीचे तोंड उघडे पडते आणि ती हवा ओढते. रिकाम्या होत आलेल्या टाकीचा ट्रक मैदानात बंद पडत नाही. तो घाटात, नाहीतर पुलाच्या चढावर बंद पडतो. जेथे पडू नये तेथेच.

मुलगा ट्रकमधला वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन पुढच्या पंपावर गेला. वीस मिनिटांनी रिकामा कॅन घेऊन परत आला. “लूज देत नाहीत म्हणतात.” त्याला पंपावर हुज्जत घालता आली नसेल असे मला वाटले. मुलाविषयी बापाला असे वाटतच असते. या वेळी मी त्याच्याबरोबर गेलो.

पंपावर कन्नड आणि इंग्रजीत फलक होता. बाटली, कॅन अथवा अन्य सुट्या भांड्यात पेट्रोल/डिझेल दिले जाणार नाही. खाली ‘आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून, कोणत्या तारखेच्या, हे लिहिलेले नव्हते. नळी हातात धरून उभा असलेला मुलगा ओडिशाचा होता. त्याने फलकाकडे बोट दाखविले आणि आतल्या व्यवस्थापकाकडे पाठविले. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते. मी त्यांना सांगितले की हे डिझेल आहे, पेट्रोल नव्हे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ या कायद्यात पेट्रोल ‘अ’ वर्गात येते आणि डिझेल ‘ब’ वर्गात, कारण डिझेलची वाफ पेट घेण्यास २३ अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. ‘ब’ वर्गाचे इंधन एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि एका भांड्यात १,००० लिटरहून अधिक नाही एवढे, परवान्याविना बाळगता आणि नेता येते. आणि हा कॅन वीस लिटरचा आहे. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, आप लिखकर दीजिए.”

मी विचारले, मूळ आदेश कोणाचा आहे? पोलिसांचा असेल, म्हणाले, किंवा कंपनीचा असेल. ते येथे नोकरीस लागले त्याच्या आधीपासून फलक आहे.

मला त्यांचा राग आला नाही. मी त्या माणसाला ओळखत होतो. माझ्या हाताखाली असे पुष्कळ होते, आणि मीही पुष्कळदा तसाच वागलो आहे. डिझेल दिले आणि पुढे काही घडले तर त्यांची नोकरी जाईल. नाकारले तर त्यांचे काहीच बिघडत नाही. नकाराचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडतो. या वेळी तो जतच्या एका माणसाच्या खात्यावर पडला होता, जो धुक्यात ट्रकच्या मागे मोबाइलचा दिवा हलवीत उभा होता. आणि लिहून द्यावयाचे म्हटले तरी मी कोण? निवृत्त माणसाच्या सहीखाली शिक्का नसतो.

परत जाताना गाडीत मी बोललो नाही. मला तो फलक आधी कोठे पाहिला ते आठवत होते.

२०१२ साली मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकारी होतो. आदल्याच वर्षी, २५ जानेवारी २०११ रोजी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले होते. महसूल खात्यातील आमच्या पिढीवर त्या घटनेचा जो परिणाम झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. तोपर्यंत इंधनाचा काळा बाजार हा पुरवठा शाखेचा एक विषय होता, तपासणीचे एक उद्दिष्ट. त्यानंतर कॅन, नळी, ढाब्यामागे उभा टँकर यांपैकी काही दिसले तरी अंगावर काटा येई. आम्ही कठोर झालो होतो, आणि तसे होण्यास कारण होते.

अशा मनःस्थितीत आमच्या जिल्ह्यातील एका गावी दोन गटांत दगडफेक झाली आणि एक दुकान जाळले गेले. बाटलीत पेट्रोल आणले होते, असे पोलिसांच्या अहवालात होते. रात्री अकरा वाजता माझ्या कक्षात बसून मी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालील मनाई आदेशाचा मसुदा केला. केला म्हणजे काय, जुन्या नस्तीतला काढला, गावांची नावे आणि तारखा बदलल्या. ‘पेट्रोल/डिझेल बाटली, कॅन अथवा अन्य सुट्या भांड्यात विकण्यास मनाई करण्यात येत आहे.’ मधली तिरकी रेघ जुन्या मसुद्यात होती, ती तशीच राहिली. जाळपोळ पेट्रोलने झाली होती. डिझेल त्या वाक्यात का आहे, असा प्रश्न मला पडला नाही. एकाच पंपावर दोन्ही मिळतात, एवढेच त्याचे कारण असावे. गाव एका कोपऱ्यातले होते, पण खबरदारी म्हणून आदेश सर्व जिल्ह्यास लागू केला. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी मध्यरात्रीपूर्वी सही केली. सकाळी वर्तमानपत्रांत बातमी आली आणि तहसीलदारांनी पंपांवर फलक लावून घेतले.

तिसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचे शिष्टमंडळ आले. रब्बीचे दिवस, विजेचे भारनियमन, विहिरीवर डिझेल इंजिन. त्यांना डिझेल कॅनमधूनच न्यावे लागते. इंजिन उचलून पंपावर कसे आणणार? म्हणणे योग्य होते. आम्ही लगेच शुद्धिपत्रक काढले: शेतकऱ्यांस सातबारा उतारा आणि तलाठ्याचा दाखला दाखविल्यास डिझेल कॅनमध्ये द्यावे. मग तलाठ्यांच्या कार्यालयांपुढे दाखल्यांसाठी रांगा लागल्या, हे निराळे. आम्हांला मात्र वाटले की आदेशातील उणीव आपण तत्परतेने दूर केली.

रस्त्यावर डिझेल संपून उभा राहिलेला ट्रक आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. येणार कसा? ट्रकचालकांचे शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांकडे येत नाही. तो जिल्ह्यातून जात असतो, त्याचा सातबारा असलाच तर दुसऱ्या जिल्ह्यात असतो, आणि पहाटे पाच वाजता त्याला दाखला देणारा तलाठी कोठेही नसतो. मोटारसायकलचे पेट्रोल संपले तर ती ढकलत पंपापर्यंत नेता येते. सोळा टनांचा ट्रक ढकलता येत नाही. ज्याच्याकडे कॅन नेण्यावाचून दुसरा मार्गच नाही, नेमक्या त्यालाच आम्ही कॅन बंद केला होता.

कलम १४४ खालचा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. तसे त्याच कलमाच्या पोटकलम ४ मध्ये लिहिले होते. (१ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि हे अधिकार तिच्या कलम १६३ मध्ये गेले, मुदत तीच आहे.) आमचाही आदेश दोन महिन्यांनी आपोआप संपला. आदेश निघाला की तो प्रसिद्ध करतात, पंपावर लावतात, त्याची पोच घेतात. आदेश संपला हे कळविण्याची मात्र पद्धत नाही. २०१६ साली मी बदलीच्या ठिकाणाहून कामानिमित्त त्या जिल्ह्यातून जात होतो. एका पंपावर चहासाठी थांबलो, तर फलक तेथेच होता, आमच्या कार्यालयाच्या जावक क्रमांकासह. अक्षरे नव्याने रंगवलेली होती. खरे सांगावयाचे तर मला तेव्हा बरे वाटले. आपण काढलेला आदेश चार वर्षांनीही पाळला जात आहे, असे मी बरोबरच्या तरुण अधिकाऱ्यास कौतुकाने सांगितले होते.

पुलावर परतलो तेव्हा ट्रकच्या पुढे दुसरा ट्रक उभा होता, पाटी तमिळनाडूची, नामक्कलची. नामक्कल हे दक्षिणेतील ट्रकवाल्यांचे गाव, तेथे घरोघरी हा व्यवसाय. आमच्या चालकाला तमिळ येत नव्हते आणि त्याला मराठी येत नव्हते. दोघांचे मोडक्या हिंदीत ठरलेही होते. शंभर रुपये लिटर, वीस लिटर. नामक्कलच्या चालकाने सीटखालून एक पारदर्शक नळी काढली, एक टोक आपल्या टाकीत सोडले, दुसरे तोंडात धरून ओढले, डिझेल आले तसे थुंकून नळी कॅनमध्ये घातली. कॅन कलंडू नये म्हणून कोणीतरी धरणे भाग होते. तो मी धरला.

पुरवठा शाखेत असताना अशाच नळीसाठी मी महामार्गावरील ढाब्यांवर छापे घातले होते. चालकाने मालकाच्या टाकीतले डिझेल काढून विकणे ही चोरी आहे, आणि त्या क्षणी तेच चालले होते. नामक्कलच्या मालकाला वीस लिटर कमी भरल्याचे कळणार नव्हते. गाडीचा ॲव्हरेज जरा कमी पडला, एवढेच त्याच्या वहीत लागले असते. ज्या दुकानात रीतसर पावतीसह डिझेल मिळावयास हवे होते तेथे ते मिळाले नाही, आणि जेथे मिळू नये तेथे मिळाले. मी खिशातून दोन हजार काढले. चालकाने ते घेतले नाहीत. “मालकाचंच हाय, मालकाच्याच खात्यात लिवतो,” म्हणाला, आणि स्वतःजवळचे दिले.

डिझेल टाकीत पडले म्हणजे ट्रक सुरू होतो, असे मला वाटत होते. मुलानेही चावी फिरविण्याचा सल्ला दिला. चालक हसला. “एअर घेतलीया तिनं. आता सेल्फ मारला तर बॅटरी उतरंल, दुसरं काय न्हाई.” पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडतो आणि तो आपोआप पेटतो. फवाऱ्यासाठी नोझलवर प्रचंड दाब यावा लागतो, जुन्या इंजिनातही वातावरणाच्या दोनशेपट तरी. द्रव दाबला जात नाही म्हणून हा दाब नळीतून पुढे पोहोचतो. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंप तो बुडबुडाच दाबत बसतो, आणि नोझल उघडतच नाही. म्हणून आधी सर्व हवा हाताने बाहेर काढावी लागते.

त्याने केबिन पुढे कलती केली. मुलाच्या मोबाइलच्या उजेडात फिल्टरवरचा बोल्ट पान्याने ढिला केला आणि छोटा हातपंप अंगठ्याने दाबू लागला. आधी काही नाही. मग फेस आला, पिवळसर, साबणासारखा. मग फेस आणि डिझेल. मग एकेक बुडबुडा. बुडबुडे थांबून सरळ धार लागली तेव्हा बोल्ट आवळला. तेच पुन्हा मोठ्या पंपावर. त्यावर नाव बॉशचे होते. चालक त्याला ‘मायको’ म्हणत होता. १९५१ साली स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीचे ते जुने नाव, जी २००८ साली बॉश झाली. तिचा जुना कारखाना याच शहरात आडुगोडीस, आम्ही उभे होतो तेथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. देशभरातल्या ट्रकांचे पंप तेथून गेले. जतच्या माणसाला बंगळुरू कशामुळे माहीत, असे मी विचारले असते तर त्याने विधानसौध सांगितले नसते, मायको सांगितले असते. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या चक्क्या ढिल्या करून त्याने मुलाला सेल्फ मारावयास सांगितले. एकेका नळीतून थेंब उडू लागला तशी तो चक्की आवळीत गेला. (नव्या बीएस-६ गाड्यांत हे करू नये, असे तो स्वतःच म्हणाला. तेथील दाब इतका असतो की सुटलेली धार कातडीत शिरते. शिवाय त्या पंपाला वंगण डिझेलचेच, कोरडा फिरला की खराब होतो. तेथे वर्कशॉपचा माणूसच बोलवावा लागतो.)

इंजिन आधी एक झटका देऊन थांबले, पुन्हा फिरविले तेव्हा दोन धक्के खाल्ले, पांढरा धूर सोडला आणि मग लागले. पावणेसात वाजले होते. या पावणेदोन तासांत मागून येणारी किती वाहने अखेरच्या क्षणी वळली ते मी मोजले नाही. एक मिनीबस दगडांच्या ओळीवरून गेली एवढे आठवते.

चालकाने हात पुसले, मागे गेला आणि एकेक दगड उचलून कठड्यापलीकडे टाकला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण महामार्गावरचे असे दगड बहुधा तेथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराला लागतात. फांदी त्याने केबिनमध्ये ठेवली. “परत लागंल,” म्हणाला. नाव विचारले तेव्हा मी काय करतो हे त्याने विचारले. मी उपजिल्हाधिकारी होतो असे सांगितले. तो ‘साहेब’ म्हणून जरा मागे सरकला, आणि तोपर्यंत जे मोकळेपणाने बोलत होता ते थांबले. पंपावरचा फलक आणि माझा आदेश यांविषयी त्याला सांगावे असे मनात आले होते. सांगितले नाही. पीण्यास पोहोचण्याची वेळ टळलीच होती. पुढे एका मोकळ्या जागेत गाडी लावून बंदी उठेपर्यंत झोपतो, म्हणाला. दिवसाच्या उशिराचे मालक किती कापील, हे विचारावयाचे धैर्य मला झाले नाही.

त्या आठवड्यातच मी माझ्या जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयास एक पत्र लिहिले. २०१२ च्या आदेशाचा क्रमांक दिला, तो आठवणीत होता. पंपांवरील फलक काढण्याविषयी सर्व तहसीलदारांस कळवावे, आणि पुढे असा आदेश काढताना डिझेल वगळावे किंवा मार्गात बंद पडलेल्या वाहनांस नोंद घेऊन डिझेल देण्याची तरतूद करावी, असे सुचविले. अडीच महिन्यांनी उत्तर आले. भाषा ओळखीची होती; तसे पत्र मीही लिहिले असते. संदर्भाधीन आदेश त्यातील मुदतीनुसार २०१२ मध्येच संपुष्टात आलेला असल्याने तो रद्द करण्याचा अथवा त्यात सुधारणा करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सबब आपले पत्र या स्तरावर दप्तरी दाखल करण्यात येत आहे. फलकांविषयी त्यात काही नव्हते.